बारा ओळी आणि एक शब्द

काउंटे कलन हे नाव आपल्या वाचकांना फारसे परिचित नसेल. न्यूयॉर्कमधील हार्लेम वस्तीत १९२० च्या दशकात कृष्णवर्णीय लेखक-कलावंतांची जी मोठी चळवळ उभी राहिली, तिच्यातला हा एक महत्त्वाचा कवी. जन्म १९०३, मृत्यू १९४६. 'कलर' म्हणजे 'रंग' हा त्याचा पहिला संग्रह १९२५ साली आला, तेव्हा तो ऐन विशीत होता. आयुष्याची शेवटची वर्षे त्याने न्यूयॉर्कच्या एका सरकारी शाळेत मास्तरकी करण्यात घालवली. पुढे जगप्रसिद्ध झालेला लेखक जेम्स बाल्डविन हा त्याच शाळेचा विद्यार्थी. मी स्वतः उर्दू माध्यमाच्या शाळेत मास्तर असल्यामुळे कवीचा हा पेशा मला जवळचा वाटतो. परंतु या लेखाचे कारण ते नव्हे. कारण आहे 'रंग' मधली 'इन्सिडंट' नावाची एक छोटीशी नज़्म. 'इन्सिडंट' म्हणजे घटना. तिच्यात चार-चार ओळींची तीन कडवी, एकूण बारा ओळी आहेत.

कवितेत घडते ते एवढेच. आठ वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा बाल्टिमोर शहरात पाहुणा म्हणून आलेला आहे. नवे शहर बघून तो हरखून गेला आहे. समोर एक गोरा मुलगा त्याच्याकडे टक लावून बघतो आहे. वयाने, अंगाने तोही तेवढाच. आपला मुलगा हसतो. समोरचा जीभ बाहेर काढतो आणि काळ्यांसाठी तिकडे जो हलका शब्द वापरला जातो, तो त्याला म्हणतो. नंतर हा मुलगा मे महिन्यापासून डिसेंबरपर्यंत त्या शहरात राहिला, सगळे शहर त्याने पाहिले. मोठेपणी त्याच्या ध्यानात राहिले ते फक्त एवढेच. कविता इथे संपते.

पहिल्या वाचनात मला ही कविता साधी वाटली, थोडी कच्चीही वाटली. शब्द सोपे, यमके शाळेतल्या कवितेसारखी, चाल तर थेट बडबडगीताची. एवढ्या मोठ्या दुःखाला हे कपडे तोकडे पडतात असे वाटले. पुष्कळ दिवसांनी ध्यानात आले की कवितेचे बळ नेमके इथेच आहे. आठ वर्षांच्या वयात झालेली जखम आठ वर्षांच्या भाषेतच शिल्लक राहते. माणूस मोठा होतो, पदव्या घेतो, चार भाषा शिकतो, पण ती आठवण आली की आतला मुलगा पुन्हा आठ वर्षांचा होऊन बोलतो. कलनने त्याला मोठ्यांची भाषा दिली नाही. त्याच्या तोंडी इतिहास घातला नाही, तक्रार घातली नाही, एक अश्रूसुद्धा घातला नाही.

हे धाडस केवढे होते हे समजण्यासाठी तो काळ डोळ्यांसमोर आणला पाहिजे. त्या वर्षांत अमेरिकेत कृष्णवर्णीयांना जमावाने झाडाला लटकावून मारण्याचे प्रकार सुरू होते. त्याविरुद्धच्या कायद्याचे विधेयक १९२२ साली प्रतिनिधिगृहात मंजूर झाले आणि सिनेटमध्ये अडवले गेले. अशा काळात कवीने विषय कोणता निवडला, तर एका पोराने दुसऱ्या पोराला म्हटलेला एक शब्द. कोणी म्हणेल, ही काय घटना झाली? पण कवितेचे शीर्षकच 'घटना' आहे. रक्ताची नोंद होते, निदान होऊ शकते. माझ्याच भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीला २००६ साली एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. त्याचे पंचनामे झाले, खटला चालला, देशभर मोर्चे निघाले. पण शाळेच्या पटांगणात कानात शिरलेल्या शब्दाचा पंचनामा कुठे होतो? त्याचे ठाणे नाही, त्याचा साक्षीदार नाही. त्याची नोंद कवितेतच व्हायची. कलनने ती केली.

बी.एड.ला आम्हाला बालमानसशास्त्र हा विषय होता. केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने केलेल्या बाहुल्यांच्या प्रयोगाची माहिती पुष्कळ शिक्षकांना असेल. काळ्या मुलांपुढे काळी आणि गोरी अशा दोन्ही बाहुल्या ठेवून चांगली कोणती, वाईट कोणती असे विचारले, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून निवडली. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, त्या खटल्यात हे संशोधन पुढे आले होते. अशा वागणुकीमुळे मुलांच्या मनात जो न्यूनगंड बसतो तो पुढे निघणे कठीण, असे न्यायालयाने म्हटले. कवीने ही गोष्ट जवळजवळ तीस वर्षे आधी, बारा ओळींत सांगून ठेवली होती. त्याच १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आमच्या भंडारा मतदारसंघातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते आणि पराभूत झाले, हेही इथे सहज आठवते.

आता माझी घटना सांगतो. कवितेची परीक्षा वाचकाच्या आयुष्यावरच होते, म्हणून सांगतो. ८ जून १९९९. विश्वचषकात मँचेस्टरला भारत-पाकिस्तान सामना होता आणि तिकडे कारगिलमध्ये लढाई सुरू होती. मी तेव्हा आठ वर्षांचा. दिघोरीत शेजाऱ्यांच्या घरी टीव्हीसमोर आम्ही पंधरा-वीस पोरे दाटीवाटीने बसलो होतो. व्यंकटेश प्रसादने पाच गडी टिपले, भारत सत्तेचाळीस धावांनी जिंकला, आणि मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी बोडीच्या पाळीवर बॅट घेऊन गेलो. माझ्याच टीममधला, माझ्याच वयाचा, रोज माझ्यासोबत खेळणारा पोरगा हसत म्हणाला, "काय बे, हारले न काल तुम्ही?"

शिवी नव्हती ती. 'तुम्ही' हा तर आदराचा शब्द. पण त्या एका 'तुम्ही'ने मला ओढून पलीकडे उभे केले. मी काही बोललो नाही. बॅटिंग माझी पहिली होती, ती केली आणि पहिल्याच चेंडूवर बाद झालो.

इथे मला कलनशी थोडा वाद घालायचा आहे. त्याचा मुलगा म्हणतो की सगळ्या शहरातले एवढेच आठवते. माझे तसे नाही. त्या उन्हाळ्यातले मला पुष्कळ आठवते. मोहफुलांचा वास आठवतो, अम्मीने वाळत घातलेल्या शेवया आठवतात, आटलेल्या बोडीतल्या चिखलात धरलेले मासे आठवतात. त्या पोराच्या आईने त्याच आठवड्यात आमच्या घरी पाठवलेला पन्ह्याचा तांब्याही आठवतो. तेव्हा शब्दाने बाकीचे सगळे पुसून टाकले हे मला अतिशयोक्तीचे वाटते. परंतु पुन्हा विचार केल्यावर वाटते की कवी कदाचित दुसरेच सांगतो आहे. बाकीचे आठवते, पण ते आठवायला आधी त्या शब्दाच्या दारातून आत जावे लागते. मला पन्हे आठवते तेसुद्धा त्या 'तुम्ही'च्या नंतरच. ही कवितेतली उणीव मानावी की तिची खोली, हे वाचकाने ठरवावे. मी अजून ठरवू शकलेलो नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तो गोरा मुलगा कोण? त्याला हा शब्द कुणी दिला? आठ वर्षांचे लेकरू असा शब्द स्वतः घडवत नाही. घरात, ओट्यावर, बाजारात तो ऐकलेला असतो. कविता त्याच्या घरात डोकावत नाही. मात्र तो अंगाने आपल्याएवढाच होता, ही नोंद कवी मुद्दाम करतो. मला ही सगळ्या कवितेतली महत्त्वाची जागा वाटते. तो राक्षस नव्हता, पोरच होता. दोघांची कुस्ती लागली असती तर बरोबरीची झाली असती. शब्दाने ती बरोबरी मोडली.

आपल्याकडे या कवितेचे सख्खे भावंड शोधायचे तर ते पद्यात नाही, गद्यात आहे. डॉ. आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या आहेत. त्यातली पहिली आठवण १९०१ सालची आहे, म्हणजे भीमराव नऊ वर्षांचे असतानाची. दुष्काळी कामावर रोखपाल असलेल्या वडिलांना भेटण्यासाठी तो, त्याचा मोठा भाऊ आणि बहिणीची मुले साताऱ्याहून गोरेगावला निघाली. अंगात नवे कपडे, मनात प्रवासाची हौस. मसूर स्टेशनवर उतरल्यावर मास्तरला कळले की ही मुले महाराची आहेत, आणि त्याचा चेहरा बदलला. गाडीवाला मिळेना. शेवटी दुप्पट भाडे कबूल केले आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान पायी चालेल, असे ठरले. जवळ खायला भरपूर होते पण पाणी नव्हते. कलनच्या मुलासारखाच हाही हरखून निघालेला, आणि याचेही तसेच झाले. या प्रसंगाने मनावर कायमचा ठसा उमटवला, असे बाबासाहेबांनी नमूद केले आहे.

या आठवणीतला एक तपशील आपण मुसलमान वाचकांनी थांबून वाचावा असा आहे. वाटेत जकातनाक्यावर गाडीवानाने मुलांना सल्ला दिला की नाकेदार हिंदू आहे, महार म्हटल्यावर पाणी देणार नाही, तेव्हा मुसलमान असल्याचे सांगा. छोटा भीमराव नाकेदाराकडे गेला. आपण मुसलमान आहोत असे त्याने सांगितले आणि खात्री पटावी म्हणून उर्दूत बोलला. उर्दू त्याला चांगली येत होती. तरीही पाणी मिळाले नाही.

मी रोज उर्दू शिकवतो. अलिफ-बे गिरवून घेतो, शीन-क़ाफ दुरुस्त करतो. पण एका तहानलेल्या लेकराने घोटभर पाण्यासाठी माझी भाषा पांघरली होती, हे वाचल्यापासून वर्गात उभे राहताना वेगळे वाटते. आज आपली पोरे प्रवासात नेमके उलटे करतात. रेल्वेच्या डब्यात अम्मीला 'आई' म्हणतात, नाव विचारले तर अर्धेच सांगतात. सव्वाशे वर्षांत पांघरूण बदलले, पण मुलाला ते घ्यावे लागते हे काही बदलले नाही.

आता आपल्या मुस्लिम मराठी कवितेकडे वळू. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपल्या कवींनी या दुःखावर भरपूर लिहिले आहे. त्याबद्दल कृतज्ञता आहेच. तरीही एक तक्रार आहे. आपल्याकडे ही कविता पहिल्या चार ओळींत बोडीच्या पाळीवर असते आणि पाचव्या ओळीत दिल्लीला पोचते. शब्द उच्चारलेला तो पोरगा बाजूला राहतो, आणि कवी फाळणी, दंगली, अयोध्या यांची यादी सुरू करतो. मग दाखले येतात. अशफाकुल्ला खान फासावर गेले, १९६५ च्या युद्धात अब्दुल हमीद शहीद झाले, कलामसाहेबांनी क्षेपणास्त्रे बनवली, मग आम्ही परके कसे? दाखले सगळे खरे आहेत. पण कविता इथे कवितेऐवजी अर्ज होते. ती कुणापुढे तरी कागदपत्रे मांडते आणि सही-शिक्क्याची वाट बघते.

कलन असा अर्ज करीत नाही. मीही अमेरिकेचाच, असे त्याचा मुलगा म्हणत नाही. ती गोष्ट त्याच काळात लँग्स्टन ह्यूजने एका वेगळ्या कवितेत म्हटली आणि सुंदर म्हटली, हे मान्य. परंतु कलनचा मुलगा आपले माणूसपण सिद्ध करायला बसत नाही. घटना सांगतो आणि गप्प होतो. त्यामुळे उत्तर देण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर येऊन पडते. माझ्या मते आपल्या नव्या कवींनी या कवितेकडून घ्यावा असा धडा हाच आहे.

याच ह्यूजने १९२६ साली एक गाजलेला निबंध लिहिला. मला फक्त कवी व्हायचे आहे, कृष्णवर्णीय कवी नव्हे, असे म्हणणाऱ्या एका तरुण कवीचा त्यात त्याने समाचार घेतला. नाव घेतले नाही, पण तो कवी कलनच असे अभ्यासक मानतात. आपल्या वाचकांना हा वाद ओळखीचा वाटेल. आम्ही मराठी लेखक की मुस्लिम मराठी लेखक, ही चर्चा आपल्याकडे सोलापूरपासून चालूच आहे. गंमत अशी की 'फक्त कवी' व्हायची इच्छा असलेल्या कलनला आज जग ओळखते ते मुख्यतः रंगाच्या कवितांमुळे. मला यात विरोध दिसत नाही. ज्याला आठव्या वर्षी एका शब्दाने गटात ढकलले, त्याला मोठेपणी गटाबाहेर उभे राहून गावेसे वाटणारच. आणि गायला बसला की तोच शब्द गळ्यात येणार, हेही खरे.

ही कविता मी आठवीच्या वर्गाला उर्दूत सांगायची ठरवली, तेव्हा खरी अडचण आली. त्या शब्दाचे भाषांतर काय करायचे? 'हब्शी' लिहावे तर आपल्याकडे तो मानाचा शब्द. इस्लामचे पहिले मुअज़्ज़िन हजरत बिलाल हे हब्शी. आमच्या दख्खनमध्ये निजामशाही सांभाळणारा मलिक अंबर हब्शी, जंजिऱ्याचे सिद्दी हब्शी. त्या शब्दाने जखम होत नाही. 'काला' लिहावे तर अर्धी वर्गसंख्या काळीसावळीच, आणि मास्तरही. तेव्हा ध्यानात आले की शिवीचे भाषांतर होत नाही. तिचे विष तिच्या मातीत असते. शेवटी मी फळ्यावर कविता लिहिली आणि त्या शब्दाच्या ठिकाणी नुसती रेघ ओढली. मुलांना म्हटले, चिठ्ठीवर आपापला शब्द लिहा, नाव लिहू नका.

चिठ्ठ्या आल्या. पुष्कळांवर काय असेल याचा मला अंदाज होता, आणि तेच होते. सुंतेवरून दिलेली शिवी होती, शेजारच्या देशाचे नाव होते, दाढी-टोपीवरचे शब्द होते. पण चार-पाच चिठ्ठ्या मी पुन्हा पुन्हा वाचल्या. एकीवर होते, 'काली'. खाली लिहिले होते, 'खाला कहती है.' दुसरीवर एका बिरादरीचे नाव होते. ते नाव मी स्वतः लहानपणी मोहल्ल्यातल्या एका पोराला चिडवण्यासाठी वापरलेले आहे. त्याने ते कुठे लिहून ठेवले असेल?

बाबासाहेबांच्या त्याच आठवणींत १९३४ सालचा दौलताबादचा प्रसंग आहे. रमज़ानचे दिवस होते. प्रवासाच्या धुळीने भरलेल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी किल्ल्याच्या दारातल्या हौदावर हातपाय धुतले. तेवढ्यात पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा मुसलमान यांनी हौद बाटवला म्हणून ओरडत आला, आणि गर्दी जमली. तुमचा मज़हब हेच शिकवतो का, असा सवाल बाबासाहेबांनी केला. जमावापाशी जवाब नव्हता. नाक्यावर ज्या मुलाने मुसलमान म्हणून पाणी मागितले होते, त्याला तेहतीस वर्षांनी मुसलमानांनीच पाण्यावरून अडवले. बुखारीच्या हदीसमध्ये आहे की हजरत अबूज़र यांनी एकाला त्याच्या आईवरून हिणवले, तेव्हा रसूलल्लाह (स.) यांनी तुझ्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे असे त्यांना सुनावले. हदीस आपल्याला पाठ असते. खालालाही असेल.

म्हणून कलनची कविता वाचताना आपण नेहमी त्या पाहुण्या मुलाच्याच जागी उभे राहतो, हे मला आता अपुरे वाटते. जीभ बाहेर काढणाऱ्या मुलाच्या जागीही एकदा उभे राहून ती वाचली पाहिजे. तेव्हा तिची शेवटची ओळ जास्त बोचते. आपण खेळताखेळता बोलून गेलो, संध्याकाळपर्यंत विसरलोही, आणि समोरच्याच्या ध्यानात मात्र आपले तेवढेच राहिले.

पुढच्या अंकासाठी कविता पाठवणाऱ्या मित्रांना, विशेषतः नव्या कवींना, एक विनंती करतो. तुमचा शब्द लिहा, पण त्याचा दिवस, ती जागा आणि समोरच्याचा चेहरा यांच्यासकट लिहा. यादी करू नका, दाखले जोडू नका. आणि एखादी कविता त्या शब्दाचीही येऊ द्या, जो आपण दुसऱ्याला दिला. चिठ्ठ्या गोळा करून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारले होते, "सर, आपने कौनसा लफ़्ज़ लिखा?" तास संपला म्हणून मी तेव्हा टाळले. मला दोन शब्द लिहावे लागले असते, एक ऐकलेला आणि एक दिलेला. पहिला या लेखात आला आहे. दुसरा मी ज्याला दिला तो आजही याच मोहल्ल्यात राहतो, आणि कागदावर उतरवण्याआधी तो त्याच्याजवळ बोलावा लागेल.